तिसऱ्या गिअरातलं वळण

शनिवारचा तिसरा सराव आटोपून दाजी घाटाखाली परत आले, ते हेल्मेट न काढताच माझ्या तंबूत शिरले आणि आतूनच काहीतरी बोलू लागले. मला एक अक्षर कळलं नाही. मी हातानं खूण केली तेव्हा त्यांनी हेल्मेट काढलं, घामानं कपाळाला चिकटलेले केस मागे सारले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

"वैजू, लिमिट वाढव."

मी म्हटलं, आधी पाणी प्या. त्यांनी बाटलीकडे बघितलंही नाही. खुर्ची ओढून बसले, लगेच उठले, तंबूच्या तोंडाशी जाऊन बाहेर डोकावून आले आणि पुन्हा बसले. बाहेर कोण आहे ते बघत होते हे मला कळलं. बाहेर रसूलमामा जेवून करंजाच्या झाडाखाली तोंडावर टोपी घेऊन आडवे झाले होते.

दाजी म्हणजे संग्राम इंगवले, माझ्या थोरल्या बहिणीचे, जयूताईचे यजमान. वय चौतीस. कोल्हापुरात वडिलांची बेकरी आणि अंगात गाडीचं वेड. आंबेखिंडीच्या घाटात तेव्हा वर्षातून एकदा दोन दिवस रस्ता बंद करून चढाची शर्यत होत असे. चार किलोमीटर चढ, एकेक गाडी एकटीच सोडायची आणि वर पोचायला लागलेला वेळ मोजायचा. शनिवारी सराव, रविवारी दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. त्या वर्षी पुण्याच्या एका टीमचे मॅनेजर मुद्दाम आले होते. पुढच्या हंगामासाठी त्यांना एक ड्रायव्हर हवा होता आणि आंबेखिंडीत जो पहिला येईल त्याला ते उचलणार, हे घाटातल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. दाजींनी घरी शब्द दिला होता. ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर गाडी विकून बेकरीत बसेन. ताईनं तो शब्द सगळ्या नातेवाइकांना ऐकवून ठेवला होता, म्हणजे माघार घ्यायची सोयच नाही.

आणि सरावात बेळगावचा एक ड्रायव्हर दाजींच्या सव्वा सेकंद पुढे होता.

"मामांना विचारा की मग," मी म्हटलं. "आकडा त्यांचा हाय, माझा न्हवं."

"मामा नको. मामा न्हाई म्हणतील. आणि एकदा न्हाई म्हणाले की संपलं."

ते खरंच होतं. मामा म्हणजे रसूल मुजावर. उद्यमनगरात त्यांचं इंजिनांचं वर्कशॉप होतं आणि मी सहा वर्षं त्यांच्याकडे काम करत होते. इंजिन ते बांधायचे. त्या इंजिनाला पेट्रोल कधी, किती द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे गाडीतला जो छोटा कॉम्प्युटर ठरवतो, त्याला शिकवणं माझं काम. त्या कॉम्प्युटरात एक कुंपणही घालावं लागतं. इंजिन मिनिटाला अमुक इतके फेरे घेईल, त्याच्या पुढे नाही. तिथे पोचलं की पेट्रोल क्षणभर तुटतं, इंजिन खोकल्यासारखं तडतडतं आणि ड्रायव्हरला कळतं की आता गिअर बदला. यालाच सगळे लिमिट म्हणायचे.

कुंपण कुठे घालायचं ते मामा सांगायचे. इंजिनाच्या झडपा मिटायला ज्या स्प्रिंगा असतात, त्या ते एकेक करून ड्रिल मशीनखाली धरायचे. खाली वजनाचा काटा ठेवायचा, वरून दाबायचं, किती किलोला किती दबते ते बघायचं. सोळाच्या सोळा स्प्रिंगा अशा दाबून झाल्या की ते थोडा वेळ नुसते बसायचे आणि मग पांढऱ्या रंगानं इंजिनाच्या झाकणावर एक आकडा लिहायचे. फेरे त्याच्या पुढे गेले तर स्प्रिंग वेळेत मागे येणार नाही, झडप उघडी राहील, खालून पिस्टन येऊन तिला धडकेल आणि आतलं सगळं भंगार होईल. सांगलीच्या एकानं मामांच्या मागे तो आकडा वाढवून घेतला होता. इंजिन काही फुटलं नाही, पण मामांना कळलं. त्यानंतर त्यांनी त्या माणसाच्या गाडीचं बॉनेट म्हणून उघडलं नाही.

दाजींच्या लाल गाडीच्या झाकणावर ७२०० लिहिलं होतं. परदेशातून मागवलेल्या नव्या, कडक स्प्रिंगा अजून आल्या नव्हत्या.

"सात हजार आठशे दे," दाजी म्हणाले. "उद्याच्या दोन फेऱ्यांपुरतं. चाफ्याच्या वळणावर माझा सगळा टाइम चाललाय. हे बघ..."

त्यांनी बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर वळण काढायला सुरुवात केली. माझं लक्ष दोन तंबू सोडून बसलेल्या हुबळीच्या माणसाकडे होतं. तोही माझ्यासारखंच लॅपटॉपचं काम करायचा. कुणी काही सांगितलं की पाच मिनिटांत करून द्यायचा, पुढे इंजिनाचं काय व्हायचं ते होवो. दाजी बोलत होते आणि मी विचार करत होते की मी नाही म्हटलं तर हे दहा मिनिटांत त्याच्या तंबूत असतील.

"कळलं का?" दाजींनी विचारलं.

"कळलं. पण मामांना कळलं तर?"

"तू सांगू नको, मी सांगत न्हाई. वैजू, तू न्हाई केलंस तर मी हुबळीवाल्याकडं जातो. खोटं कशाला बोलू?"

मला राग आला होता. दाजींचा आला होता, मामांचा आला होता, न आलेल्या स्प्रिंगांचाही आला होता. दोन हट्टी पुरुषांच्या मध्ये मला उभं केलं होतं आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

"बघतो," मी म्हटलं. (कोल्हापुरात आम्ही बायका बोलताना 'येतो, बघतो' असंच बोलतो. लिहिताना मात्र शाळेतल्या बाई आठवतात आणि हात सुधारतो.)

दाजी चहा आणायला गेले आणि मी गाडीत बसून लॅपटॉप जोडला. लिमिटचा रकाना उघडला. ७२०० पुसून ७८०० लिहायचं, एवढंच काम होतं. मी ते लिहिलंही. मग पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. हात स्वस्थ बसत नव्हते.

आणि मग मला युक्ती सुचली. आज ती आठवली की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण त्या दुपारी मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते. लिमिट मी होतं तिथेच ठेवलं. बदललं ते फक्त ड्रायव्हरसमोर फेरे दाखवणाऱ्या काट्याचं गणित. सहा हजारांपर्यंत काटा खरं दाखवेल आणि तिथून पुढे हळूहळू पळायला लागेल. इंजिन सात हजार दोनशेला पोचेल तेव्हा काटा सात हजार आठशेवर असेल. दाजींना आकडा हवा होता, दाजींना आकडा मिळेल. मामांचा शब्द राहील, इंजिन राहील, आणि डोक्यातून ते लिमिट गेलं की दाजी मोकळ्या हातानं गाडी चालवतील. ड्रायव्हर लोकांचं निम्मं डोक्यात असतं असं मामाच म्हणायचे.

दाजी चहा घेऊन आले. मी त्यांना बसवून जरासं पेडल दाबायला लावलं. मामा झाडाखाली घोरत होते. काटा वर गेला, सात हजार आठशेला जाऊन थरथरला, इंजिन तडतडलं. दाजींनी पाय काढला आणि माझ्याकडे बघून असे हसले, की ताईच्या लग्नानंतर मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

"बाई, तुझे उपकार झाले," ते म्हणाले.

मी म्हटलं, चहा गार होतोय.

रविवारी सकाळी सातला आम्ही गाडी गरम करत होतो. मामा आमच्याकडे पाठ करून थर्मासमधून चहा ओतत होते. दाजींनी पेडल दाबलं. इंजिन चढत गेलं आणि तडतडलं. मामांचा हात थांबला. ते वळले, खिडकीशी आले, वाकले आणि आत काट्याकडे बघितलं. काटा सात हजार आठशेवर होता. दाजींचा चेहरा पांढरा पडला. सहा फुटी गडी, पण चोरी पकडल्यासारखा स्टिअरिंगकडे बघत बसला.

मामा सरळ माझ्याकडे आले आणि दाजींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "काटा खोटं बोलतोय."

मी मान हलवली.

"आवाज बहात्तरशेचाच हाय."

"तेवढाच हाय, मामा. ते हुबळीवाल्याकडं चालले होते."

मामांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांच्या मिशीत हसू आलं. "शाणी हैस," ते म्हणाले.

सहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा शहाणी म्हटलं होतं. मी दिवसभर त्यावर जगले असते, पण दिवस तेवढा टिकला नाही.

दाजींचा नंबर सातवा होता. मामा आणि मी सुरुवातीच्या रेघेमागे उभे राहिलो. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. मी चार पावलं पुढे जात होते, चार मागे येत होते, मामा म्हणाले पोरी एका जागी थांब, तरी थांबले नाही. ताईचे दोन मिस्ड कॉल आले होते. मी फोन खिशात टाकला. झेंडा पडला, दाजी सुटले आणि पहिल्या वळणाआड गेले. त्यानंतर शर्यत फक्त कानांनी बघायची असते. आवाज दरीतून वर चढत जातो, कड्यावर आपटून परत येतो आणि ओळखीच्या माणसाला गाडी कुठे आहे ते कळत राहतं.

मामांनी डोळे मिटले होते. "दुसरा," ते पुटपुटले. "तिसरा. झकास. आज चांगला सुटलाय. कालच्यापेक्षा चांगला."

मलाही ते ऐकू येत होतं. दाजी खरोखर सुंदर चालवत होते. आवाज कुठेच कच खात नव्हता. मी घड्याळाकडे बघितलं. चाफ्याचं वळण यायला झालं होतं. तिथे घाटाच्या निम्म्यावर रस्ता जरासा सपाट होतो आणि डावीकडे लांबलचक वळतो. वळणाच्या तोंडाशी चौथा गिअर पडायचा, आवाज खाली यायचा आणि वळण संपल्यावर पुन्हा तिसरा. शनिवारी तिन्ही फेऱ्यांत मी ते ऐकलं होतं.

आवाज खाली आला नाही. तो चढतच राहिला. आणि मग तड, तड, तड, असं स्वच्छ ऐकू आलं. त्यामागून टायरांची किंकाळी. त्यामागून एक बसका आवाज, आणि मग काहीच नाही.

मामांनी डोळे उघडले.

"तिसऱ्यातनं काढलीच न्हाई त्यानं," ते म्हणाले.

मी म्हटलं, का? का नाही काढली? मी तेच तेच विचारत होते. वायरलेसवर कुणीतरी अँब्युलन्स, अँब्युलन्स म्हणत होतं.

"काल तुला काय म्हणाला होता?" मामांनी विचारलं. "लिमिट कशाला पायजे म्हणाला होता?"

तेव्हा मला टेबलावरचं ते पाण्याचं वळण आठवलं. त्यातलं बोट आठवलं. त्या वळणासाठी दोनदा गिअर बदलावा लागतो, दोन्ही वेळा थोडा थोडा वेळ जातो, सहाशे फेरे जास्तीचे मिळाले तर सबंध वळण तिसऱ्यातच निघेल, हे दाजी मला सांगत होते आणि मी हुबळीवाल्याकडे बघत होते. मला वाटलं त्यांना आकडा हवाय. त्यांना वळण हवं होतं. भर वळणात, पाय पुरता दाबलेला असताना, आपल्याजवळ अजून सहाशे आहेत या भरवशावर ते गेले आणि माझं कुंपण त्यांना आडवं आलं. पुढची चाकं ओढणारी गाडी. मध्येच इंजिनानं अंग काढलं की सगळं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी मागून फिरते. ती फिरली आणि दाजींच्या बाजूनं कठड्याला लागली.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि कंबरेच्या हाडाला चीर होती. शुद्ध गेली नव्हती. अँब्युलन्सचं दार लागण्याआधी त्यांनी मला बघितलं आणि डोळे दुसरीकडे वळवले. ते मला तेव्हा समजलं नाही. संध्याकाळी कोल्हापुरात ऑपरेशन झालं. ताई एका बाकावर बसली होती आणि मी दवाखान्याच्या त्या बोळात येरझाऱ्या घालत होते. ताई एवढंच म्हणाली, वैजू, तू तरी बस, मला चक्कर येते तुझ्याकडे बघून.

घाटात तोवर लोकांनी निकाल लावून टाकला होता. इंगवले भर वळणात घाबरला, पाय उचलला, म्हणून गाडी फिरली. घाटातल्या ड्रायव्हरला याहून वाईट बोलता येत नाही. पुण्याचे मॅनेजर मला फोनवर फार सभ्यपणे म्हणाले, की वेग आहे हो त्यांच्याकडे, पण ऐनवेळी धसकतात. बेळगाववाल्याला त्यांनी रविवारीच उचललं.

सोमवारी सकाळी मी वर्कशॉपात गेले. लाल गाडी एका अंगानं चेपलेली, दार आत गेलेलं. मामांनी बॅटरीच्या वायरी नीट केल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. घड्याळासारखं चालत होतं. मामांनी ते लगेच बंद केलं आणि हात पुसत उभे राहिले. मी लॅपटॉप जोडून फेरीची नोंद उघडली. पेडल किती दाबलं होतं याची त्यात एक रेघ असते. ती रेघ वळणाच्या तोंडापासून गाडी फिरेपर्यंत शंभरावर सरळ होती. मग गाडी फिरल्यावर तुटली. त्यांनी पाय उचललाच नव्हता. मी ती रेघ मामांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, चल, दवाखान्यात जाऊ.

दुपारचे तीन वाजले होते. ताई औषधं आणायला खाली गेली होती. दाजींचा पाय वजन लावून टांगलेला. मामा आत आल्याबरोबर दाजींनी दोन्ही हात जोडले. सुई लावलेला हातसुद्धा.

"मामा, मला माफ करा."

मामा म्हणाले, अरे पडून राहा, हात खाली कर.

"न्हाई, ऐका. मी चोरी केली. वैजूला काही बोलू नका, तिला मी जबरदस्ती केली. मी लिमिट वाढवून घेतलं. तुमच्या स्प्रिंगा गेल्या माझ्यामुळं. भर वळणात इंजिन तुटलेलं मी ऐकलं. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं न्हाई. तुमचं इंजिन मी खाल्लं, मामा."

ते रडत होते. कालपासून त्यांच्या मनात पाय नव्हता, पुण्याची जागा नव्हती, मामांचं इंजिन होतं. मी खिडकीशी उभी होते. माझ्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी होती आणि ती मला खाली ठेवता येत नव्हती.

मामांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी पिशवीचा पट्टा धरून खिडकीबाहेर बघितलं. तेव्हा मामा स्टूल ओढून खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "स्प्रिंगा गेल्या हे खरं. पण तुझ्यामुळं न्हाई. मालच खराब होता. मी नीट तपासला न्हाई. बहात्तरशेलाबी गेल्याच असत्या. माझी चूक हाय."

चाळीस वर्षांत या माणसानं आपलं इंजिन खराब होतं असं कुणापुढे कबूल केलं नव्हतं, कारण ते कधी खराब नसायचंच. आणि आत्ता ते माझ्यासाठी आपल्या हातांवर खोटा आळ घेत होते. दाजी हे उद्या दहा जणांना सांगतील, दहाजण उद्यमनगरभर करतील, हे त्यांना माहीत होतं. दाजी म्हणत होते, नाही मामा, माझी चूक. मामा म्हणत होते, नाही रे, माझी. दोन मोठी माणसं माझ्या चुकीसाठी भांडत होती. मी गप्प राहिले असते तर ते भांडण तिथेच मिटलं असतं आणि मला कुणीही कधी काही म्हटलं नसतं. तो मोह मला झाला. झाला नाही असं म्हणणार नाही.

"इंजिनाला काही झालेलं न्हाई," मी म्हटलं.



"सकाळी पहिल्या सेल्फला चालू झालं. दाजी, लिमिट मी वाढवलंच नव्हतं. नुसता काटा पुढं पळवला होता. वळणात तुटलं ते लिमिटला तुटलं. बहात्तरशेला."

मी पिशवी सोडली आणि लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला. मामांनी तो खालून धरला. मी म्हटलं, ही तुमच्या पायाची रेघ. तुम्ही पाय उचलला नाही. हे मी पुण्याच्या मॅनेजरांनाही पाठवणार आहे आणि मी काय केलं तेही लिहिणार आहे. मी भराभर बोलत होते. थांबले असते तर रडले असते आणि मला त्यांच्यापुढे रडायचं नव्हतं.

दाजी बराच वेळ ती रेघ बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मामांना विचारलं, "खरोखर अठ्ठ्याहत्तरशे असते, तर वळण निघालं असतं?"

मामा पायाला लावलेल्या वजनाकडे बघू लागले.

"मामा, आता खरं सांगा."

"निघालं असतं," मामा म्हणाले.

"स्प्रिंगा?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एका वळणाला सोसलं असतं. दोन फेऱ्यांनाबी सोसलं असतं. मी आकडा लिहितो तो थोडा अलीकडचाच लिहितो, पोरा. सगळ्यांनाच. तुम्ही त्याच्या पुढं जाणार हे मला माहीत असतंय."

"म्हणजे तुम्हीबी," दाजी म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी चौतीस वर्षांचा हाय. दोन पोरांचा बाप. घाटात एकटा बसतो त्या गाडीत, तुम्ही दोघं खाली असता. आणि तुम्ही दोघं मिळून ठरवता, याला किती खरं सांगायचं ते."

मामांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "दाजी, मला तुमची काळजी..." आणि पुढचं वाक्य पुरं करवलं नाही, कारण ते खोटं होतं. मला काळजी होती ती इंजिनाची, मामांच्या शब्दाची आणि त्याहून जास्त माझ्या हुशारीची. गाडीत बसणारा माणूस त्या हिशेबात शेवटी होता. ते मी तसंच बोलून दाखवलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मामा मला घेऊन बाहेर आले.

मॅनेजरांना मी सगळं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, दाजींच्या धाडसाचं कौतुक करणारं. जागा अर्थातच गेलेली होती. मामा त्यानंतर झाकणावर दोन आकडे लिहायला लागले, एक खरा आणि एक आपला, आणि ड्रायव्हरला बोलावून दोन्ही समजावून सांगायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. दाजी बेकरी बघतात, चालताना थोडे लंगडतात, माझ्या पोराच्या वाढदिवसाला न चुकता स्वतः केक करून आणतात. माझ्याशी हसून बोलतात. त्यांनी मला एकदाही टोचून बोलून दाखवलेलं नाही आणि रागावले असं घरात कुणीच म्हणणार नाही.

पण मला तो बुधवार विसरता येत नाही. ऑपरेशनला दहा दिवस झाले होते. मी डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर डॉक्टर दारातच भेटले आणि म्हणाले, एक्स-रे चांगला आलाय, उद्या गुरुवारी यांना घरी सोडतो. मी जवळजवळ धावतच आत गेले. दाजींना सांगितलं, उद्या घरी. ते म्हणाले, "बरं झालं," आणि माझ्या हातातला डबाही घेतला. तेवढ्यात ताई आंघोळ करून, केस पुसत घरून आली. मी तिलाही सांगितलं. ती देवाला नमस्कार करायला लागली.

दाजींनी डबा बाजूला ठेवला.

"जयू," ते ताईला म्हणाले, "तू जरा जाऊन डॉक्टरांना विचारून ये. गुरुवारीच म्हणालेत का ते."